भारुडाचा कर्ता कोण?

गोदावरीच्या उत्तरेस, आजच्या जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत, जांब हें गांव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्यें येथें झाला. त्याच नदीच्या कांठीं, बरेंच पश्चिमेस, पैठण. तेथें त्यापूर्वीं नऊ वर्षें, १५९९ मध्यें, एकनाथ महाराजांनीं देह ठेविला. एकाच मुलखांतील या दोघां संतांनीं भारुड हा प्रकार हाताळला, आणि अभ्यासकांसाठीं एक अवघड प्रश्न मागें राहिला. तोंडोतोंडीं चालत आलेल्या खेळाचा कर्ता ओळखावा कसा?

भारुड हें गाणें आहे, सोंग आहे नि निरूपणही आहे. वासुदेव, जोशी, गोंधळी, महारीण अशा कोणाचें तरी सोंग घेऊन खेळ्या पुढें येतो, त्या त्या जातीची नि धंद्याची बोली बोलतो आणि लोकांस हसवितो. हंशा ओसरतो न ओसरतो तोंच त्या बोलांतून परमार्थाचा दुसरा अर्थ डोकावूं लागतो. विंचवाचें विष कामक्रोधाचें होतें, सासरचा जाच प्रपंचाचा होतो. शेवटीं कवीची मुद्रा येते. नाथांच्या मुद्रेंत त्यांच्या नांवाशीं गुरु जनार्दनस्वामींचें नांव जोडलेलें असतें.

मुद्रा सहीसारखी दिसते खरी. पण सही कर्त्याच्या हातची, मुद्रा गाणाऱ्याच्या मुखांतली. एखाद्या सोंगाड्यास प्रसंगानुरूप कडवें सुचलें, तर तें मुद्रेच्या अलीकडे बेमालूम बसतें आणि पुढच्या पिढीस नाथांचेंच वाटतें. रामदासांच्या बाबतींत पेंच अधिक, कारण ‘दास’ हें नांव कोणाही भक्तानें धारण करावें असें आहे. यांतील विलक्षण गोष्ट ही कीं, १५८४ मध्यें ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध पाठ सिद्ध करणारे, आणि त्यांत कोणीं आपली ओंवी घालूं नये असें बजावणारे, एकनाथच होते. ज्ञानदेवांच्या शब्दाचा असा पहारेकरी, पण त्यांच्या स्वतःच्या भारुडांस पहारेकरी मिळाला नाहीं.

जपानांतील ‘नो’ नाटकांपुढें हाच प्रश्न होता. मुखवटा, समूहगान नि मोजके नट यांवर उभ्या असलेल्या या नाट्यास चौदाव्या-पंधराव्या शतकांत कानआमि व त्याचा पुत्र झेआमि यांनीं रूप दिलें. पुढें असंख्य नाटकें झेआमिच्याच नांवावर जमा झालीं. १९०९ मध्यें योशिदा तोगो या विद्वानानें झेआमिचे नाट्यविषयक ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांत, १४३० मध्यें पुत्रानें पित्याच्या बोलण्यावरून टिपून ठेविलेल्या एका ग्रंथांत, कोणतें नाटक कोणाचें याचा निर्वाळा सांपडला. झेआमिच्या नांवावरील पुष्कळ नाटकें मग वगळावीं लागलीं. ‘मात्सुकाझे’सारख्या गाजलेल्या नाटकांत तर जुन्या रचनेवर पित्यानें आणि मग पुत्रानें हात फिरविल्याचें दिसलें.

मराठींत असा निर्वाळा नाहीं. म्हणून शैलीस साक्षीला बोलवावें लागतें. नाथांच्या उत्तम भारुडांत सोंगाची बोली शेवटपर्यंत टिकते. रूपक मध्येंच सोडून कवि उपदेशास लागत नाहीं. रामदासांची वाणी रोखठोक, बोध थेट सांगणारी. परंतु शैलीचेंही अनुकरण होतें, हें विसरून चालणार नाहीं.

यास्तव मठांतील जुनीं बाडें आणि आजच्या भारुडकऱ्यांच्या मुखांतील पाठ हीं शेजारीं ठेवून वाचलीं पाहिजेत. जीं कडवीं अनेक जुन्या बाडांत एकसारखीं आढळतील, तीं मूळ कवीचीं असण्याचा संभव मोठा. जीं केवळ गाण्यांत आहेत, तीं खोटीं म्हणून टाकून देणें हा मात्र अन्याय होईल. तीं रचणाऱ्यास मुद्रा नव्हती. पण तीनशेंहून अधिक वर्षें भारुड लोकांत जागतें राहिलें तें त्याच्याच मुखानें.