मध्यरात्रीची घंटा

गटाच्या बायकांची सहल ठरायला लागली की रामेश्वरचं नाव हमखास निघतं. रामेश्वरला जाल तेव्हा एक दिवस तंजावरसाठी काढा. तमिळनाडूतलं हे शहर एके काळी मराठ्यांची राजधानी होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तिथं भोसल्यांचं राज्य उभं केलं. ती गादी १८५५ पर्यंत चालली.

पाहायला काय आहे? पहिलं बृहदीश्वराचं देऊळ. राजराज चोळ राजानं ते १०१० साली पुरं केलं. शिखर दोनशे फुटांहून उंच. त्याच देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ साली कोरून घेतला. मग राजवाडा आणि तिथलं सरस्वती महाल ग्रंथालय. ताडपत्रावरच्या पोथ्या आहेत, मराठी हस्तलिखितं आहेत, आणि राजाच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं मराठी पुस्तकही आहे.

खायला बसाल तर केळीच्या पानावर भात, सांबार, रसम येईल. संभाजीराजांवरून सांबार हे नाव पडलं, अशी गोष्ट तिथं सांगतात. ती ऐकायला गोड, पण आहे दंतकथाच. तंजावरच्या मराठी घरांत मात्र पिठलं आणि उडदाचं डांगर आजही होतं. दोन्हीची नावंसुद्धा आपलीच.

आता मुख्य गोष्ट. रामेश्वरच्या वाटेवर या राजांनी छत्रं बांधली. छत्र म्हणजे वाटसरूनं उतरायची आणि फुकट जेवायची जागा. खर्च भागावा म्हणून छत्रांना गावं आणि जमिनी लावून दिलेल्या होत्या. १७९९ मध्ये इंग्रजांच्या कंपनीनं राज्याचा कारभार काढून घेतला. सरफोजीराजांच्या हाती किल्ला आणि राजधानी एवढंच उरलं. तेव्हा १८०१ साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिलं, की छत्रं तरी माझ्याकडेच राहू द्या.

त्या पत्रात छत्राचा सगळा कारभार सांगितला आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या माणसापर्यंत येईल त्याला अन्न मिळे. ज्याला शिजवलेला भात नको, त्याला कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करत, कुणी उपाशी असेल तर या. आजाऱ्याला औषध आणि पथ्याचं जेवण. पोरक्या मुलांना तीन वेळा जेवण, कपडे, शाळा. गरोदर बाई वाटेत अडली, तर बाळंतपणाचा खर्च छत्राचा, आणि बाळंत झाल्यावर तीन महिने राहायची मुभा.

यातल्या कितीतरी छत्रांना बायकांची नावं आहेत. नीडामंगलमला यमुनांबा छत्र, ओरत्तनाडूला मुक्तांबा छत्र. मुक्तांबा ही सरफोजीराजांची लाडकी सहचारिणी. ती अकाली गेली. वाटसरूंसाठी छत्र बांधा, एवढंच तिनं मागितलं होतं, असं तिथं सांगतात.

मैत्रिणींनो, हे दोनशे वर्षांपूर्वीचं झालं. आज आपल्याकडच्या बायका ऊसतोडीला निघतात, कित्येक जणी पोटुशी असताना. कुणी फडात बाळंत होते, कुणी कोपीत, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मोळी उचलते. तीन महिने सोडा, तीन दिवसांची विश्रांती तिला कोण देतं? राज्य गेलेल्या राजानं जे हट्टानं मागून घेतलं, ते ग्रामसभेत मागायला आपल्याला राजवाडा लागत नाही. तुमच्या गावावरून टोळ्या जात असतील, तर येत्या बैठकीत हा विषय घ्या. अशा बाईला उतरायला एक खोली आणि दोन वेळचं गरम जेवण आपला गट देऊ शकेल का, खर्च कशातून भागेल, याचा हिशेब मांडा. आणि तंजावरला जाल तेव्हा शिखर पाहून झालं की ओरत्तनाडूलाही जाऊन या.