वस्तूंचा सातबारा

दिवाळीच्या आधीचा आठवडा माळ्यावरच्या वस्तूंच्या मुळावर येतो. वर्षभर अंधारात निवांत पडलेली पितळी घंगाळी, खुंटा तुटलेली जाती, आजोबांचा अडकित्ता, वाळवीने अर्धी खाल्लेली पोथी, सारी मंडळी त्या आठवड्यात अंगणात येऊन उन्हाला बसतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला द्या. दुसरा म्हणतो, असू द्या, जुने आहे. ‘जुने आहे’ म्हणणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही की, किती जुने, कोणाचे आणि कोठून आले? विचारले तरी त्याला सांगता येत नाही. मीही अनेक वर्षे याच दुसऱ्या पक्षात होतो, म्हणून हे अधिकारवाणीने सांगतो.

उरण तालुक्यातील आमची जासई सरकारी कागदांच्या बाबतीत मोठी जाणती. सातबारा म्हणजे काय, फेरफार कशाला म्हणतात, हे येथे शेंबड्या पोराला ठाऊक. १९७० साली नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातील पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. त्यांच्या भावासाठी जासईचेच दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व निघाले ते या लढ्यातून. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे सांगणाऱ्या कागदाची किंमत अशी या गावाने मोजली आहे. तरी याच गावात जमिनीच्या पोटातून एखादी वस्तू निघाली, तर तिचा कागद करावा असे कोणाच्या मनात येत नाही. मास्तरांच्याही आले नाही. ती माझी गोष्ट शेवटी सांगतो. आधी शेजारची मोठी गोष्ट सांगू द्या.

जासईहून न्हाव्याच्या किनाऱ्यावर गेले की, समोर घारापुरीचे बेट अगदी हाताशी दिसते. हे बेट १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेले. बंदराजवळ एक दगडी हत्ती उभा होता, त्यावरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. तेथील मुख्य लेण्याच्या प्रवेशद्वारावर एक शिलालेख होता. पोर्तुगीज बखरकार दिओगो दो कौटो याने लिहून ठेवले आहे की, तो दगड काढून घेतला, वाचू शकणारा माणूस शोधला, कोणी सापडला नाही, आणि अखेर तो पोर्तुगालच्या राजाकडे रवाना झाला. तेथून पुढे त्याचा पत्ता नाही. कोणाच्या हाती दिला, कोणत्या कोठारात ठेवला, कोणत्या भिंतीत चिणला गेला, याची एक ओळ उपलब्ध नाही. अठरा फुटी त्रिमूर्ती जागेवर आहे; ती कोणी घडविली हे सांगणारा, हातभर म्हणा की पुरुषभर म्हणा, तो एक दगड तेवढा गेला.

त्याची शिक्षा विद्वान मंडळी आजतागायत भोगीत आहेत. कोणी लेणी राष्ट्रकूटांना दिली, कोणी कोकणच्या मौर्यांना. आज बहुतेकांचा कल सहाव्या शतकातील कलचुरींकडे आहे. वा. वि. मिराशी यांनी हे मत मांडले. त्याच्या बाजूने उभा राहिलेला एक साक्षीदार पाहिला तर हसू येते. तो म्हणजे कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची हलकी नाणी. ती या बेटावरच मोठ्या संख्येने सापडली. ती मजुरीपोटी वाटली गेली असावीत, असा तर्क केला जातो. बाजारात त्या चिल्लरीला कोणी काय देणार? पण ती कोठे सापडली हे माहीत आहे, आणि तेवढ्या एका गोष्टीवर तिची साक्ष ग्राह्य धरली जाते. मोठा दगड मुका झाला तो आपले स्थान गमावल्यामुळे.

हत्तीची कथा थोडी बरी. १८६४ साली त्याला उचलून इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी तुटली आणि गजराज खाली पडून त्यांचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आले आणि १९१४ साली जुळवून पुन्हा उभे केले गेले. आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो हत्ती पाहता येतो. सुट्टीत मुले त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. पण मोडका असो, सांधलेला असो, तो कोठला आणि येथे कसा आला, हे वर्षासकट सांगता येते. म्हणून त्याला घारापुरीचा हत्ती म्हणण्याचा हक्क आपल्याकडे उरला.

आमच्या उरणाच्या मातीला लिहून ठेवण्याची सवय नव्हती असे मात्र नाही. चाणजे गावी शिलाहारांचे शिलालेख सापडले आहेत. एक अपरादित्याचा, शके १०६० मधला, म्हणजे इसवी सन ११३८ च्या सुमाराचा. दुसरा सोमेश्वराचा, शके ११८२ चा. या दुसऱ्या लेखात उरणातील एका बागेचे ठरलेले १६२ द्रम्मांचे उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद आहे. किती नेमका हिशेब! बाग कोणती, उत्पन्न किती, देव कोणता, राजा कोण, शक कोणता. दान मोडणाऱ्याला शिव्याशाप देणारे गधेगळही कोकणात जागोजागी आहेत. त्यांवरचे चित्र दिवाळी अंकात वर्णन करण्याजोगे नाही, पण दस्तऐवजाला यापेक्षा कडक मोहोर कोणी मारलेली मी पाहिली नाही. बागेचा सातबारा आपल्या पूर्वजांनी दगडावर केला होता. आपण त्यांचेच वारस. आपल्याला वहीवर लिहिण्याचा कंटाळा!

संग्रह करणारे महाराष्ट्रात थोडे झाले नाहीत. पुण्याचे दिनकर केळकर हे चष्म्याच्या व्यवसायातले, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये, दरवाजे अशा सुमारे वीस हजार वस्तू जमविल्या आणि बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले. १९७५ साली ते सारे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष तेथे पुन्हा जुळवून उभे आहेत. त्या दालनात उभे राहिले असता ‘कोथरूड’ या एका शब्दाने त्या लाकडी खांबांत किती जीव येतो ते पाहावे. तो शब्द पुसला, तर उरतो नुसता नक्षीदार सागवान.

पण वस्तूचा ठावठिकाणा नीट न कळल्यामुळे केवढा घोळ होतो, याचे माझ्या माहितीतील सर्वांत मोठे उदाहरण दायमाबादचे. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात हे प्राचीन वसाहतीचे ठिकाण आहे. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना काशाची चार शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. पाहताच जीव सुखावेल अशी कामगिरी. ती सापडली तेव्हा शेजारी उत्खनन करणारा कोणी नव्हता, कोणत्या थरात होती ते पाहणारा नव्हता. मग वाद सुरू झाला. म. के. ढवळीकर यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ म्हणाले, ही उत्तर हडप्पाकालीन, साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. धातूचे पृथक्करण करणाऱ्यांपैकी डी. पी. अग्रवाल म्हणाले, यात सोमलाचे प्रमाण जास्त आहे, इतका जुना काळ मानण्यास आधार नाही. पुढे १९७६ ते १९७९ या काळात शां. आ. साळी यांनी तेथे विस्तृत उत्खनन केले. पण जे मूळ उपटले गेले होते ते परत थोडेच रोवता येते! त्या शेतकऱ्याचा यात काय दोष? तो झुडूप काढत होता, इतिहास नव्हे.

कायदा या बाबतीत आपल्या वाटते तितका झोपलेला नाही. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने, जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ साली पुरावशेषांचा कायदा झाला, तो १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षे पुरेत. प्राचीन शिल्पे, चित्रे, सचित्र पोथ्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी छायाचित्रासह नोंदणी करावी आणि वस्तू दुसऱ्याला दिली तर तेही कळवावे, असे त्यात आहे. हा आमच्या गावच्या भाषेत फेरफारच झाला.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाने रुमालात गुंडाळून एक काळे पडलेले नाणे आणून दिले. भरावाच्या कामात कोठेतरी निघाले होते. मी त्याची पाठ थोपटली, नाणे शाळेच्या कपाटात ठेवले आणि चिठ्ठी लावली, ‘जुने नाणे’. कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पात्राच्या आजीच्या लुगड्याचा रंग लिहितो, आणि येथे दोन शब्दांवर भागवले! जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते हेही तेव्हा मला माहीत नव्हते. पुढे कधीतरी ते मुंबईच्या एका जाणकारांना दाखविले. त्यांनी नाण्याकडे पाहण्याआधी माझ्याकडे पाहिले. “कोठे सापडले? किती खोल? बरोबर खापरे होती का? कोणी काढले?” चारही प्रश्नांना मी गप्प. नाणे इतके झिजलेले होते की, अक्षर एकही लागत नव्हते. ते परत माझ्या हातावर ठेवीत म्हणाले, “याच्या जागेने काही सांगितले असते. आता हे नुसते तांबे आहे, गुरुजी.”

घरी येईपर्यंत मला वर पाहवेना. ती जागा शोधायला गेलो तर जेथे पूर्वी खारबंदिस्तीची शेती होती, तेथे मुरुमाचा भराव आणि त्यावर एकावर एक रचलेले कंटेनर. १९८९ साली बंदर सुरू झाल्यापासून या भागाचा नकाशा दर वर्षी नवा होतो. मी ते नाणे रीतसर सरकारदरबारी जमा केले. पावती मिळाली. तीवर लिहिले आहे, ‘एक जुने नाणे, जासई परिसर’. म्हणजे माझीच चिठ्ठी, फक्त शिक्क्यासह.

त्यानंतर मी एक लांबट वही घातली. वस्तू, मिळाल्याची तारीख, जागा, कोणी दिली, त्याच्याकडे कोठून आली, असे रकाने पाडले. मुले हसत, आता तीच आणून देताना आधी जागा सांगतात. गेल्या दिवाळीआधी आमच्या आळीतील एक आजी पितळी समई घेऊन आल्या. सुना भंगारात घालायला निघाल्या होत्या. मी घेऊ लागलो, तर त्यांनी हात मागे घेतला. “आधी लिव, मास्तर. आमची जमीन गेली तं नंबरानशी गेली. हिला बी नंबर लाव.” मग दाराच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितले आणि मी लिहिले: त्यांच्या सासूने दिली, सासूला तिच्या नागावच्या माहेराहून आंदण मिळाली, त्या माहेरी ती एका तांबटाकडून भाताच्या बदल्यात घेतलेली. किती भात, हेही त्यांना ठाऊक होते: चार मण. सांगून झाल्यावर त्यांनी वही उलटी-सुलटी करून पाहिली, अंगठा उठवला, आणि समई मात्र परत घरी घेऊन गेल्या. “नंबर लागला ना? मग आता कोण टाकतो ती बघू.”

नाणे आणणारा मुलगा आता बंदरात ट्रेलर चालवतो. गणपतीत घरी आला होता. मी त्याला मुद्दाम फाट्यापर्यंत घेऊन गेलो आणि विचारले, “आठवते का रे, कोठे?” तो बराच वेळ कंटेनरांच्या रांगांकडे पाहत राहिला. मग डावा हात लांब करून म्हणाला, “त्या निळ्याच्या मागं कुठंतरी, गुरुजी. तिथं आमचा बांध होता. निळा उद्या हलेल पण.”

मी वही काढली आणि त्याच्या बांधाच्या दोन्ही बाजूंना पूर्वी कोणाकोणाची शेते होती ते विचारून लिहू लागलो.