आजीवकांचा शोध आणि परधर्माचा विद्यार्थी

पालीच्या वर्गात संशोधनासाठी विषय निवडण्याची वेळ आली की एक प्रश्न आमच्यासमोर हटकून येतो. आपला धम्म अभ्यासायलाच आयुष्य पुरत नाही. मग जैन आगमे, उपनिषदे किंवा अन्य धर्मीयांचे ग्रंथ आम्ही कशासाठी वाचावेत, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न प्रामाणिक असतो. ज्या समाजाला अक्षराच्या जवळ फिरकू दिले गेले नाही, त्या समाजातील तरुण स्वतःचा वारसा स्वतः वाचू लागला, तर तो प्रथम आपल्याच घराकडे वळणार, हे स्वाभाविक आहे. दुसऱ्या बाजूने बौद्ध विद्यार्थ्याने बौद्ध धर्मावर लिहिले की त्यात तटस्थता कोठून येणार, अशी शंका काही विद्वान घेतात. या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी एकच समजूत आहे : धर्म ज्याचा त्यानेच अभ्यासावा, नाहीतर ज्याचा नाही त्यानेच अभ्यासावा. ही समजूत किती अपुरी आहे, हे आजीवक संप्रदायाच्या संशोधनाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

आजीवक हा भगवान बुद्धांच्या काळातील एक प्रबळ श्रमणसंप्रदाय होता. मक्खलि गोसाल हा त्याचा प्रमुख आचार्य. सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकानंतरच्या बाराव्या वर्षी बिहारमधील बराबर टेकड्यांतील दोन लेणी आजीवकांना दान दिली. त्याचा नातू दशरथ याने जवळच्याच नागार्जुनी टेकडीवरील तीन लेणी त्यांना दिली. यांपैकी काही लेखांतील 'आजीवक' हा शब्द पुढे कोणीतरी छिन्नीने खरवडून काढलेला आहे. दक्षिणेत हा संप्रदाय साधारणपणे चौदाव्या शतकापर्यंत टिकून होता. त्यानंतर तो नाहीसा झाला. त्याचा स्वतःचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. म्हणजे ज्यांच्याविषयी जे काही लिहिले गेले, ते त्यांच्या प्रतिपक्षांनी लिहिले, असा हा समाज आहे. आमच्या वाचकांना या स्थितीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

बौद्ध वाङ्मयात मक्खलि गोसालाचे मत दीघनिकायातील दुसऱ्या, म्हणजे सामञ्ञफलसुत्तात आलेले आहे. प्राण्यांच्या मलिनतेला वा शुद्धीला काही कारण नाही, पुरुषप्रयत्न निष्फळ आहे, सर्व काही नियतीने ठरलेले आहे. सुताची गुंडी फेकली असता ती सूत संपेपर्यंत उलगडत जाते, त्याप्रमाणे मूर्ख आणि पंडित दोघेही ८४ लक्ष महाकल्प फिरून मगच दुःखाचा अंत करतील, असे ते मत. अंगुत्तरनिकायात या मताचा अत्यंत कठोर निषेध आहे. केसांचे कांबळे जसे वस्त्रांत निकृष्ट, तसा हा वाद सर्व वादांत निकृष्ट मानला आहे. परंतु निषेधाचे कारण तेथे स्पष्ट आहे. कर्म नाही, क्रिया नाही, वीर्य नाही, असे म्हटले की माणसाच्या हाती काहीच उरत नाही. टीका आहे ती मतावर आणि मताच्या परिणामावर.

आता त्याच सुत्तावरील अट्ठकथा, सुमंगलविलासिनी, उघडून पाहावी. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात तिची रचना केली. तेथे मक्खलि हा कोणाचा तरी दास असून गोशाळेत जन्मला, असे सांगितले आहे. तेलाचे भांडे घेऊन चिखलातून जात असता धनी त्याला 'मा खलि', म्हणजे घसरू नकोस, असे बजावतो. तो घसरतो, भिऊन पळतो, धनी त्याचे वस्त्र पकडतो आणि तो नग्न अवस्थेत निसटतो. म्हणून नाव मक्खलि आणि म्हणून नग्नता! पूरण कस्सपाविषयीही अशीच कथा आहे : तो एका घराण्यातील शंभरावा दास, त्याच्यामुळे शंभर पूर्ण झाले म्हणून 'पूरण'.

जैनांच्या भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात दुसरी कथा आहे. तेथे गोसाल हा चित्रफलक दाखवून भिक्षा मागणाऱ्या मंखाचा पुत्र, जन्म पुन्हा गोशाळेतच. तो सहा वर्षे महावीरांसोबत राहिला, पुढे फुटून निघाला आणि श्रावस्तीत हालाहला नावाच्या कुंभारणीच्या घरी भ्रमिष्ट अवस्थेत मरण पावला, असे हे सूत्र सांगते. ज्याने फक्त पाली वाचले, तो तेलाच्या भांड्याची कथा इतिहास म्हणून सांगेल. ज्याने फक्त अर्धमागधी वाचली, तो गोसालाला पळपुटा शिष्य मानील. दोन्ही शेजारी ठेवल्यावरच दिसते की दोन परस्परविरोधी परंपरांनी एकाच प्रतिस्पर्ध्याला हीन ठरविण्यासाठी त्याच्या जन्माचा आणि व्यवसायाचा आधार घेतला. त्याच वेळी दुसरेही एक सत्य हाती लागते. कुंभारणीचे घर हे श्रावस्तीतील आजीवकांचे केंद्र होते आणि उवासगदसाओ या आगमात आलेला सद्दालपुत्त हा आजीवक उपासकही कुंभारच आहे. कारागीरवर्गात या संप्रदायाला आधार होता, हे निंदेच्या ओळींमधूनच आपल्याला कळते.

हे वाचन एका दिवसात घडले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उवासगदसाओचे संपादन व भाषांतर करणारे हर्नले हे ख्रिस्ती मिशनऱ्याच्या कुटुंबात जन्मलेले होते. आजीवकांवरचा त्यांचा कोशलेख १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामाने पाया घातला गेला. पण आजीवक आणि दिगंबर जैन यांची त्यांनी घातलेली सांगड पुढच्या अभ्यासकांना मान्य झाली नाही. त्यानंतर आले बेणीमाधव बरुआ. चितगावच्या बौद्ध समाजात १८८८ मध्ये जन्मलेला हा विद्यार्थी कलकत्त्यास पालीचा एम. ए. होऊन इंग्लंडला गेला आणि १९१७ मध्ये लंडन विद्यापीठाचा डी. लिट्. झाला. ही पदवी मिळविणारे ते पहिले आशियाई होत. त्यांच्या प्रबंधाचा विषय मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे : बुद्धपूर्व भारतीय तत्त्वज्ञान. वैदिक ऋषींपासून महावीरांपर्यंतच्या विचारकांचा त्यांनी परामर्श घेतला. हा ग्रंथ १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे 'आजीवक' हे स्वतंत्र पुस्तक आले होते. जन्माने बौद्ध असलेल्या या संशोधकाने बौद्धांच्या प्रतिपक्षाला तत्त्वचिंतक म्हणून न्याय देण्याचा प्रयत्न केला.

पुढे ए. एल. बॅशम यांनी लंडनमध्ये याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. तो १९५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बॅशम बौद्धही नव्हते आणि जैनही नव्हते. बरुआंचे सर्व निष्कर्ष त्यांनी स्वीकारले नाहीत. पाली आणि प्राकृत साधनांना त्यांनी तमिळ साधनांची जोड दिली : बौद्धांचे मणिमेखलै, जैनांचे नीलकेशी आणि शैवांचे शिवज्ञानसिद्धियार. तीन धर्मांच्या तीन खंडनपर ग्रंथांतून एका लुप्त धर्माचे उत्तरकालीन रूप त्यांनी उभे केले. विद्यार्थ्याचा धर्म कोणता, यापेक्षा त्याने कोणती साधने वाचली आणि प्रत्येक साक्षीदाराला कोणते प्रश्न विचारले, हे निर्णायक ठरले.

बौद्ध विद्यार्थ्याला या अभ्यासात काही गमवावे लागते काय? अट्ठकथेवरील अंधविश्वास गमवावा लागतो, हे खरे. परंतु त्याच्या बदल्यात सुत्त आणि अट्ठकथा यांतील अंतर पारखण्याची दृष्टी मिळते. संबोधीनंतर तथागतांना वाटेत प्रथम भेटलेला माणूस उपक नावाचा आजीवकच होता. त्याने त्यांचे म्हणणे ऐकले, असेलही असे म्हणून मान हलविली आणि तो आडवाटेने निघून गेला. अरियपरियेसनसुत्ताने हा प्रसंग लपविला नाही. पहिल्याच श्रोत्याला धम्म पटला नाही, हे सांगण्याचे धैर्य ज्या वाङ्मयात आहे, त्याच्या वारसांनी परमताच्या अभ्यासाला भिण्याचे कारण नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बुद्धांच्या पूर्वसूरींना आणि समकालीनांना स्वतंत्र भाग दिले आहेत. मक्खलि गोसालाचा नियतिवाद तेथे आधी मांडला आहे आणि मग तो बुद्धांनी का नाकारला, हे सांगितले आहे. हा वाद खरा मानला तर मनुष्य नियतीचा दास होईल आणि स्वतःची मुक्तता करू शकणार नाही, असा त्या विवेचनाचा आशय आहे. अट्ठकथेत गोसाल जन्माने दास आहे. बाबासाहेबांच्या विवेचनात दास्य हा गोसालाच्या सिद्धान्ताचा परिणाम आहे. प्रतिपक्षाचा जन्म काढायचा नाही, त्याचे मत तपासायचे, ही सुत्तातील रीत तेथे पुन्हा दिसते.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवितो की, त्यांनी पालीबरोबर अर्धमागधी शिकावी आणि ज्यांचे खंडन आपल्या ग्रंथांत आहे, त्यांचे म्हणणे जेथे मिळेल तेथे मुळातून वाचावे. ज्यांचे ग्रंथ उरले नाहीत, त्यांच्याविषयी बोलताना दुप्पट सावध राहावे. बराबरच्या दगडावरून कोणीतरी एका समाजाचे नाव खरवडून काढले. ते पुन्हा वाचण्याच्या कामात एका बौद्ध विद्यार्थ्याचा मोठा वाटा आहे, ही आपल्या परंपरेला भूषणावह गोष्ट होय.