‘रेटिना’ या संज्ञेची व्युत्पत्ती

डोळ्यातील दृष्टिपटलाला ‘रेटिना’ म्हणतात. लॅटिन ‘रेटे’ म्हणजे जाळे. पटलावर रक्तवाहिन्यांचे जाळे असते म्हणून हे नाव, असे वर्गात सहज सांगितले जाते. मूळ नावाचा मात्र रक्तवाहिन्यांशी संबंध नाही.

इ.स.पू. ३००च्या सुमारास अलेक्झांड्रियात शवविच्छेदन करणाऱ्या हिरोफिलसने या पटलाची तुलना वर ओढलेल्या मासेमारीच्या जाळ्याशी केली. त्याचे ग्रंथ नष्ट झाले. ही उपमा इफेससच्या रूफसमुळे टिकली. ग्रीक शब्द होता ‘अँफिब्लेस्ट्रॉन’. ‘अँफि’ म्हणजे सभोवती, ‘बालेइन’ म्हणजे फेकणे. म्हणजे हे कोणतेही जाळे नव्हे. कोकणातल्या खाडीत गोल फेकतात तो पाग होय. दोरीने वर ओढलेला पाग एका टोकाला निमुळता आणि खाली पसरट दिसतो. नेत्रचेतेपासून पेल्यासारखे पसरलेले पटलही तसेच. उपमा आकाराची होती, विणीची नव्हे. दुसऱ्या शतकातील गेलनने पुढे लिहिले की हे पटल सोडवून गोळा केले तर मेंदूचाच भाग पाहिल्यासारखे वाटेल. पटल मेंदूपासूनच वाढते, हे आधुनिक भ्रूणविज्ञानाने दाखवले आहे.

बगदादचा ख्रिस्ती वैद्य हुनैन इब्न इसहाक (८०९-८७३) याने गेलनचे नेत्रविज्ञान अरबीत आणले. डोळ्यावरील त्याच्या ‘दहा प्रबंधां’त हे पटल ‘शबकिय्या’ आहे. ‘शबका’ म्हणजे जाळे, मग ते कोणतेही असो. अर्थ कळला, पण ‘सभोवती फेकणे’ गळाले आणि पागाचा आकारही गेला. बाराव्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने (मृत्यू ११८७) इब्न सीनाचा ‘अल्-कानून’ लॅटिनमध्ये आणला. तेथे अरबी शब्दाचे रूप झाले ‘रेटिना’. म्हणून ‘रेटे’पाशी थांबणारी व्युत्पत्ती अपुरी ठरते. लॅटिन रूप थेट ग्रीकमधून नव्हे, अरबीतून आले. रक्तवाहिन्यांचे स्पष्टीकरणही विणीकडे लक्ष गेल्यावरच सोयीचे वाटू लागले.

उर्दूत आजही ‘शबकिया’ म्हणतात. मराठीने जाळे सोडून कार्यावरून ‘दृष्टिपटल’ हे नाव घेतले. गेलन वा हुनैन यांना ते सुचणे कठीण होते, कारण त्यांच्या मते पाहण्याचे मुख्य इंद्रिय भिंग होते आणि पटल त्याला पोषण पुरवी. पाहण्याचे काम पटलाचे आहे असे फेलिक्स प्लाटरने १५८३मध्ये मांडले. प्रतिमा पटलावरच उमटते हे केप्लरने १६०४मध्ये दाखवले.