हॅट्ट्रिक ऑलिम्पिकमध्ये, नोकरी कंपनीत : नेव्हिल डिसोझाची गोष्ट

 

आपल्या नगर जिल्ह्यात खेळाडू म्हटलं की दोन नावं लगेच तोंडावर येतात. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे. दोघंही क्रिकेटवाले. आज जरा फुटबॉलकडे वळूया. प्रश्न असा, की ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक मारणारा पहिला आशियाई खेळाडू कोण? जपानचा? कोरियाचा? इराणचा? नाही हो. आपल्या मुंबईचा. नेव्हिल डिसोझा.

कुटुंब मूळचं गोव्याचं. जन्म १९३२ चा. जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे काम एकच : गोल करणं. १९५४ मध्ये मुंबईने संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघात हा होता. आणि दोन वर्षांनी तो थेट मेलबर्नला पोहोचला.

मेलबर्नच्या आधीची एक गोष्ट माहीत हवी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं होतं. आपली बरीच पोरं अनवाणी खेळलेली! त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी संघ नव्याने बांधला.

१९५६ मध्ये हंगेरीने माघार घेतली, म्हणून भारत सरळ उपांत्यपूर्व फेरीत गेला. १ डिसेंबरला समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. ३३ व्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, पुन्हा बरोबरी. मग ५० व्या मिनिटाला तिसरा. हॅट्ट्रिक! शेवटी किट्टूने चौथा मारला आणि आपण ४-२ ने जिंकलो. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला.

उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. ५२ व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत पुढे! चार वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून दहा गोल खाल्ले, त्यांच्यावर आघाडी. ती फार टिकली नाही. आपण ४-१ ने हरलो, आणि मग कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ३-० ने. पदक हुकलं. पण नेव्हिलचे चार गोल झाले होते. संपूर्ण स्पर्धेत याहून जास्त गोल कुणाचेच नव्हते. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह हे दोघे त्याच्या बरोबरीला.

आता मुद्द्याचं बोलू. वय वर्षं २४ आणि ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोल. आजच्या काळात अशा पोराच्या दारात एजंटांची रांग लागली असती. नेव्हिलच्या काळात भारतात व्यावसायिक फुटबॉल नव्हतंच. ऑलिम्पिकलाही फक्त हौशी खेळाडू चालायचे, खेळून पैसे घेतले की तुम्ही बाद. मग खेळाडूने खायचं काय?

याचं उत्तर मुंबईने शोधलं होतं : कंपनी फुटबॉल. कंपनी तुम्हाला नोकरीवर घ्यायची. मस्टरवर नाव, महिन्याला पगार, आणि संध्याकाळी कंपनीच्या जर्सीत मैदानावर. नेव्हिल टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळला, कॅल्टेक्स या तेल कंपनीकडूनही खेळला. मंत्रालयाजवळच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप व्हायचा. १८९१ पासूनची ही स्पर्धा, आणि १९५८ मध्ये तिचा विजेता संघ होता कॅल्टेक्स.

या व्यवस्थेत एक मोठी गोष्ट होती. गुडघा गेला तरी नोकरी राहायची. पैसा फार नव्हता, पण घरच्यांना धीर होता. सेंटर फॉरवर्डचं खेळायचं वय किती असतं? दहा-बारा वर्षं. त्यानंतरचं अख्खं आयुष्य नोकरीच्या भरवशावर.

पण खेळाडूची किल्ली कंपनीच्या खिशात होती. कंपनीचं गणित बदललं की संघ संपला. कॅल्टेक्सचा इथला कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये तो संघच बंद झाला. चांगलं खेळत होते, तरीही. रोव्हर्स कपही बंद पडला. आणि नेव्हिल? तो १९८० मध्येच गेला, पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

तुम्ही म्हणाल, आता तर आयएसएल आहे. बरोबर. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघा. तोही फॉरवर्ड. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला आणि हैदराबादने २०२१-२२ ची आयएसएल जिंकली तेव्हा त्या संघात होता. नेव्हिलला जे मिळालं नाही ते याला मिळालं : खेळण्याचाच करार, खेळण्याचाच पगार.

पण जुलै २०२५ मध्ये काय झालं आठवतंय? लीगच्या व्यापारी हक्कांचा करार संपत आला, नवा ठरेना, आणि आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवला गेला. काही क्लबांनी पगारही थांबवले. मैदानावर कुणी वाईट खेळलं म्हणून नव्हे, कागदावर सह्या झाल्या नाहीत म्हणून. किल्ली अजूनही दुसऱ्याच्याच खिशात आहे, मंडळी. फक्त नेव्हिलच्या मागे निदान मस्टर होतं, आजच्या पोराच्या मागे तेही नाही.

म्हणून वाडिया पार्कवर किंवा तुमच्या शाळेच्या ग्राउंडवर एखादं पोरगं सपासप गोल मारत असेल, तर टाळ्या जरूर वाजवा. आणि त्याच्या घरच्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा. पगार कोण देणार? किती वर्षं? आणि दुखापत झाली तर पुढे काय? गोल करायला पोरगं शिकेलच. पण ही उत्तरं त्याच्याकडून नाही, खेळ चालवणाऱ्यांकडून घ्यायची आहेत.

भेटू पुढच्या भागात. तोवर एपिसोड मित्राला पाठवा, विशेषतः ज्याला फक्त मेस्सी-रोनाल्डो माहीत आहेत त्याला!