आरटीई प्रवेश व जाहीर माहिती (नाशिक)

सरकारी खर्चाने खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलांबाबत शाळा आणि शिक्षण खाते यांनी द्यावयाची माहिती. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई, २००९, अंमल १ एप्रिल २०१०) कलम १२ नुसार विनाअनुदानित शाळांना प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये यातून वगळले. शाळेची फी आणि सरकारचा दर विद्यार्थी खर्च यांपैकी कमी असेल ती रक्कम शासन शाळेला देते. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये होता. २०२०-२१ साठी तो ८,००० करण्यात आला.

नाशिक जिल्ह्यात हे काम जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षण विभाग पाहतो, शहरात महानगरपालिकेचा शिक्षण विभाग. शाळेने आरटीई पोर्टलवर नोंदवलेली पटसंख्या आणि त्यावरून ठरलेल्या जागा कोणालाही पाहता येतात. पालक नकाशावर घराची जागा दाखवतात आणि जास्तीत जास्त दहा शाळा निवडतात. सोडत राज्य पातळीवर निघते. निवड यादी व प्रतीक्षा यादी पोर्टलवर लागते. ‘नुसत्या मेसेजवर विसंबू नका’ अशी सूचना पालकांना दिली जाते.

शाळांच्या जाहीर यादीचे मोल २०२४ मध्ये दिसले. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना सूट देणारी नियमदुरुस्ती ९ फेब्रुवारीला निघाली. अर्ज सुरू झाले तेव्हा पर्यायांत मुख्यतः जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळाच उरल्याचे पालकांच्या लगेच ध्यानात आले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात दुरुस्तीला स्थगिती दिली व १९ जुलैला ती दुरुस्तीच रद्द केली.

प्रवेशापर्यंतची ही पारदर्शकता पुढे मात्र टिकत नाही. कलम १२(३) प्रमाणे शाळेने मागितलेली माहिती द्यायची ती शासनाला किंवा स्थानिक प्राधिकरणाला, जनतेला नव्हे. सोडतीत निवडले गेलेले मूल आठवीपर्यंत त्याच शाळेत टिकले का, मध्येच गळाले का, काय शिकले, हे शाळावार प्रसिद्ध करण्याचे बंधन कायद्यात नाही. ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव होय. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहरापासून १९९० मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेतील शाळांना वार्षिक लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि त्यांचे चाचणी-निकाल राज्याचे शिक्षण खाते प्रसिद्ध करते.

मुलांची माहिती उघड करताना हात आखडता घ्यावाच लागतो. वंचित गटात अनाथ, दिव्यांग आणि एचआयव्हीबाधित बालकेही येतात. त्यांच्या नावापुढे प्रवर्ग छापणे अन्यायाचे ठरेल. शाळांना मिळालेल्या रकमांना ती अडचण नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ अर्थसाहाय्य योजनांतील रकमा कोणी न मागताही जाहीर करायला सांगते. शिवाय कलम २(च) मुळे, एखादी माहिती खासगी संस्थेकडून मिळवण्याचा अधिकार कायद्याने सरकारी कार्यालयाला असेल, तर ती त्या कार्यालयाकडे अर्ज करून नागरिकालाही मागता येते.