अचूक रायफलीची पारख

अर्जुनास झाडावरील पक्ष्याचा केवळ डोळा दिसला, ही कथा घरोघरीं मुलांस सांगितली जाते. परंतु पुढें खांडववनाच्या प्रसंगीं त्याच अर्जुनास गांडीव धनुष्य मिळालें, तेव्हां त्याच्या विद्येस तोलाचें साधन लाभलें, ही गोष्ट तितक्या आवर्जून कोणी सांगत नाहीं. दृष्टि, हात व साधन या तिहींचा मेळ बसल्यावांचून नेम साधत नाहीं. लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या लहान बोराच्या रायफलीचा सुमारें एकशें ऐंशी वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो. हा इतिहास मुख्यतः निवडीचा आहे : रायफल कोणती घ्यावी, कशासाठीं घ्यावी, आणि ती घेण्याचा अधिकार कोणास असावा.

या कथेचा आरंभ रणांगणावर झाला नाहीं. तो पॅरिसच्या दिवाणखान्यांत झाला. सन १८४५ च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर या फ्रेंच कारागिरानें बंदुकीच्या टोपींतच एक बारीक गोळी बसविली. टोपींतील स्फोटक द्रव्याच्या जोरावरच ती सुटे. वेगळ्या दारूची गरज नसे. घरांतल्या घरांत नेमबाजीची करमणूक करण्यास एवढें पुरेसें होतें. अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ सालीं या कल्पनेंत दारूची भर घालून .२२ बोराचें आंखूड काडतूस काढलें. पुढें १८८७ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्टीव्हन्स कंपनीनें चाळीस ग्रेन, म्हणजे सुमारें २.६ ग्रॅम, वजनाच्या गोळीचें ‘.२२ लाँग रायफल’ काडतूस तयार केलें. आजच्या स्पर्धांतहि तेंच वापरलें जातें.

या काडतुसाची रचना मोठी चतुराईची आहे. त्याच्या बुडाशीं जी कड असते, तिच्या पोकळींत स्फोटक द्रव्याचा थर असतो. रायफलीची सुई त्या कडेवर आपटली कीं तो थर पेटतो, त्यापासून दारू पेट घेते आणि गोळी सुटते. काडतूस स्वस्त, धक्का नांवापुरता, आवाज बेताचा. म्हणून शिकाऊ माणसास यासारखें साधन नाहीं. मात्र या गुणांबरोबर एक अडचणहि येते. मोठ्या रायफलीचें काडतूस नेमबाजास घरीं आपल्या मापानें पुन्हां भरतां येतें. कडेवर पेटणारें काडतूस एकदां उडालें कीं संपलें. कारखान्यांतून जसें येईल तसें तें घ्यावें लागतें. यामुळें रायफलीची पारख आणि काडतुसाची पारख या दोन गोष्टी कधींच वेगळ्या करतां आल्या नाहींत.

दिवाणखान्यांतील हें खेळणें राष्ट्रीय महत्त्वास चढलें तें बोअर युद्धामुळें. डिसेंबर १८९९ मधील एकाच आठवड्यांत स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफाँटेन व कोलेन्सो येथें ब्रिटिश सैन्याचे लागोपाठ तीन पराभव झाले. शेतकरी बोअरांच्या माउझर रायफली दुरून अचूक मारा करीत होत्या. कोलेन्सोच्या लढाईंत लॉर्ड रॉबर्ट्स यांचा एकुलता एक हयात पुत्र प्राणांतिक जखमी झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वृद्ध रॉबर्ट्स यांच्याकडे दक्षिण आफ्रिकेंतील सेनापतित्व आलें. आपल्या देशांतील सामान्य माणसास नेम धरतां येत नाहीं, हें शल्य त्यांच्या मनांत राहिलें. १९०१ सालीं कष्टकरी लोकांच्या रायफल मंडळांची संस्था इंग्लंडांत निघाली, १९०३ सालीं तिला व्यापक रूप आलें, आणि या चळवळीस रॉबर्ट्स यांनीं मनापासून पाठिंबा दिला. मोठ्या रायफलीस शेंकडों यार्ड मोकळें मैदान लागे. लहान बोरास पंचवीस यार्डांचें आवार पुरे. त्यामुळें गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या मजुरासहि संध्याकाळीं घटकाभर सराव करतां येऊं लागला.

आतां प्रश्न आला तो रायफलीच्या निवडीचा. ब्रिटिश युद्धखात्याची दृष्टि सरळ होती : सराव लहान रायफलीवर करावयाचा, पण हाताला वळण मोठ्या रायफलीचें लागावें. म्हणून १९०६ च्या सुमारास खात्याच्या पसंतीचा एक नमुना बाजारांत आला. वाड्याच्या दरवाज्याचा अडसर सरकावा तसा मागेंपुढें सरकणारा बोल्ट, एका वेळीं एकच काडतूस, आणि एकंदर घडण लष्करी रायफलीसारखी. शिपाई घडविण्यास हा नमुना योग्य होता. परंतु स्पर्धेंत गुण मिळविणाऱ्यांस तो पुरेसा वाटेना. ते मार्टिनी पद्धतीच्या रायफलीकडे वळले. तिच्यांत नळीमागचा ठोकळा खालीं झुकून काडतुसास वाट देतो, आणि आंतील सुईस फार थोडें अंतर तोडावें लागतें. चाप सुटल्यापासून काडतूस पेटेपर्यंत जो क्षणाचा अंश जातो, तेवढ्यांत थरथरता हात नेम बिघडवूं शकतो. जड व लांब पल्ल्याची सुई असलेल्या लष्करी बोल्टांत हा काळ अधिक, मार्टिनींत कमी. ब्रिटनमध्यें पुढें कित्येक वर्षें मार्टिनीचेंच राज्य चाललें, याचें एक मोठें कारण हेंच.

पहिलें महायुद्ध संपतांच अमेरिकेंत या निवडीस वेगळें वळण मिळालें. १९१९ सालीं न्यू जर्सींतील कॅल्डवेल येथील सामन्यांत विंचेस्टर कंपनीनें आपली ५२ क्रमांकाची रायफल प्रथम लोकांपुढें मांडली. ती बोल्टचीच होती, परंतु लष्करी रायफलीची लहान नक्कल नव्हती. लक्ष्यवेध हाच हेतु धरून ती घडविली होती. पुढील काळांत तिच्या सुईची चाल आंखूड व जलद करण्यांत आली, आणि मार्टिनीचा मोठा फायदा नाहींसा झाला. शिवाय बोल्टच्या रायफलीचा लांकडी दस्ता अखंड असतो, तर मार्टिनीचा दोन तुकड्यांचा. पुढचा तुकडा नळीस जोडलेला असला, म्हणजे पट्ट्याचा ताण किंवा दमट हवेनें फुगलेलें लांकूड नळीवर दाब आणतें व गोळी सरकते. अखंड दस्त्यांत यंत्र घट्ट बसवून नळी मोकळी ठेवतां येते. दुसऱ्या महायुद्धानंतर उध्वस्त झालेला आन्शुट्झ कंपनीचा जर्मन कारखाना १९५० सालीं उल्म येथें नव्यानें उभा राहिला, आणि त्याच्या ५४ क्रमांकाच्या बोल्ट रायफलीनें ही वाट पुढें नेली. कालांतरानें आंतरराष्ट्रीय मैदानांतून मार्टिनी मागें पडली.

एवढ्या वर्षांच्या अनुभवांतून निवडीचे जे नियम निघाले, ते थोडक्यांत असे : नळी आंतून एकसारखी असावी, आणि तिचें तोंड निर्दोष असावें, कारण गोळीचा शेवटचा स्पर्श त्या कडेसच होतो. काडतुसाचें घर घट्ट बेतलेलें असावें, म्हणजे गोळी नळींतील आंट्यांत सरळ शिरते. चाप हलका असावाच, पण त्याहूनहि तो दर वेळीं सारख्याच दाबास सुटावा. दस्ता खांद्यास व गालास असा बसावा कीं डोळा आपोआप छिद्राच्या मध्यावर यावा. वजन झेपेल तेवढें असावें. जड रायफल स्थिर राहते, परंतु थकलेला हात तिला डोलवितो. दुकानांतील झळाळी या हिशेबांत कोठेंच येत नाहीं.

अखेरची कसोटी काडतुसाची. स्पर्धेच्या गोळीचा वेग बहुधा ध्वनीच्या वेगाच्या आंत ठेवलेला असतो; त्याहून वेगवान गोळी वाटेंत ध्वनीची मर्यादा उतरतांना डळमळते. एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतील काडतुसें एकाच नळींत निराळीं वागतात. म्हणून जाणते लोक रायफल पकडींत आवळून प्रत्येक घाण्याच्या दहा-दहा गोळ्या झाडतात, छिद्रांचा घोळका मोजतात, आणि जो घाणा जुळेल त्याचा साठा करतात. पन्नास मीटरांवरील लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. तेथें अशी काटेकोरी केवळ हौसेची राहत नाहीं.

या इतिहासास हिंदुस्थानची एक कडू बाजू आहे. रॉबर्ट्स यांचा जन्म १८३२ सालीं कानपुरास झाला, आणि १८८५ ते १८९३ पर्यंत ते येथील सरसेनापति होते. विलायतेंतील मजुराच्या हातीं रायफल द्यावी म्हणून ज्यांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं, त्यांच्याच जन्मभूमींतील लोकांस लिटनच्या १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी होती. आरंभीं यूरोपियनांस मात्र सूट होती. राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव केला. कायदा राहिला, आणि नेमबाजी राजेरजवाड्यांच्या शिकारीपुरती उरली.

स्वातंत्र्यानंतर हें चित्र पालटूं लागलें. १९५१ सालीं भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे अग्रणी होते. ज्या माणसाचा दिवस सभागृहांतील शब्द तोलण्यांत जाई, त्यानें रायफलीकडे संयमाची शिकवण म्हणून पाहावें, हें सुसंगतच होतें. २०१० सालीं म्युनिक येथें कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं पन्नास मीटरांवर निजून मारण्याच्या प्रकारांत जगज्जेतेपद मिळविलें. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक स्पर्धांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं पन्नास मीटरांवरील तीन पवित्र्यांच्या प्रकारांत कांस्यपदक पटकाविलें.

ज्या पॅरिसांत हा खेळ जन्मला, त्याच शहराच्या नांवें भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धांत एका खेडेगांवच्या तरुणानें त्यांत यश मिळवावें, यास योगायोग म्हणतां येईल. परंतु १८७८ च्या कायद्यापासून त्या दिवसापर्यंतचें अंतर योगायोगानें तुटलें नाहीं. तें तुटलें तें सामान्य घरांतील मुलांच्या हातीं चांगलें साधन देण्याचा, आणि त्यांवर विश्वास टाकण्याचा, निश्चय झाला म्हणून.